न खाल्लेला खर्रा

ज्यांना मनाच्या आजारासाठी गोळ्या चालू आहेत आणि ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. भंडाऱ्यात माझं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लिहिण्याचा मला सराव नाही, बोलण्याचा आहे, आणि बोलण्यातही मुख्यतः भाव करण्याचा. त्यामुळे कुठे आवाज चढला तर समजून घ्या. राग आहे मला. तो गेला असता तर मी लिहायला बसलोच नसतो.

माझा धंदा

बाप लवकर गेला. शाळा सुटली आणि मी सायकलच्या कॅरिअरला पोतं बांधून जुनं पितळ गोळा करायला लागलो. आधी करडी गावापर्यंत, पुढे मोटरसायकल आली तेव्हा आसगाव, आंबागड, सगळीकडे. जुनं भांडं मोडीत घ्यायचं, नवं द्यायचं. पाणी भरायच्या पितळी घागरीला आमच्याकडे गुंड म्हणतात. दारातली बाई गुंड आणून पुढे ठेवायची. मी तो उचलायचो, बुडाला टिचकी मारायचो आणि तोंड कडू करायचो.

"मावशी, बुड गेलं याचं."

"बुड तुहं गेलं असन रे. माह्या मायनं देल्ला हाये थो."

तिथून भाव सुरू व्हायचा. मी चिडायचो, पोतं उचलून निघायचो, ती परत बोलवायची. पण एकदा शब्द दिला की मी फिरवला नाही. वजन झाल्यावर कमी दिलं नाही. माझ्यासारख्या बिनशिकलेल्या माणसाचं दुकान झालं ते एवढ्यावर. लोक मला तापट म्हणायचे, चिवट म्हणायचे. खोटारडा कोणी म्हणत नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं दुखणं याच जागेवर आहे.

दोन माणसं

आजार कसा सुरू झाला ते थोडक्यात सांगतो. त्याबद्दल बोलणं अजून जड जातं.

दुकानाचं शटर ओढलं की मला दोन माणसांचं बोलणं ऐकू यायचं. ती माझाच भाव करत. एक विचारायचा, हा कितीला देता? दुसरा म्हणायचा, याचं बुड गेलं आहे, मोडीत घाला. रोज भाव उतरायचा. मी जन्मभर तेच बोलत आलो होतो, त्यामुळे ते खोटं वाटायला जागा नव्हती. आधी वाटलं, शेजारचा दुकानदार माणसं बसवतो. मग वाटलं, माझी बायको निर्मला त्याला सामील आहे. वरणाला वेगळा वास येतो म्हणून मी ताट भिरकावलं. शेवटी एका सकाळी भर बाजारात स्वतःच्याच दुकानाचा वजनकाटा रस्त्यावर आपटून फोडला. तेव्हा निर्मलाने तिच्या भावाला, गजाननला बोलावलं आणि दोघं मला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ते डॉक्टर बाहेरगावाहून ठरल्या दिवशी येत आणि त्या दिवशी बाहेरच्या बाकांवर पाय ठेवायला जागा नसे.

गोळ्या लागू पडल्या. हे मी आधीच नीट सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी गोळ्या फेकून देऊ नये. बाजार उठल्यावर जशी माणसं पांगतात तशी ती दोघं पांगली. मी परत हिशोबात आलो. सुरुवातीला अंग आखडलं होतं आणि पायांना स्वस्थता नव्हती. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी काउंटरमागे येरझारा घालतो आहे, असं चालायचं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, एक वाढवली आणि ते थांबलं. माझी समजूत झाली की औषधाचा जो काही त्रास व्हायचा तो सुरुवातीलाच होतो आणि मग माणूस सुटतो. काही त्रास वर्षं लोटल्यावर येतो, हे मला कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही.

शपथ

मी पोरवयापासून खर्रा खात होतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना एकत्र करून प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात, तो खर्रा. आमच्या भागात ज्याच्या तोंडात तो नाही त्याला लोक विचारतात, तब्येत बरी नाही का?

मी बरा झाल्यावर निर्मला म्हणाली, "डोकं ठिकानावर आलं ना? आता तोंडही ठिकानावर आना." तिने माझा हात धरला आणि आमच्या मुलीच्या, रश्मीच्या डोक्यावर ठेवला. रश्मी तेव्हा बारावीला होती. ती लाजली, म्हणाली, "आई, काय नाटक लावलं?" पण डोकं हलवलं नाही.

मी खर्रा सोडला. लपूनसुद्धा नाही, चिमूटभरसुद्धा नाही.

काय खाऊन राहिले?

तोंड कधी हलायला लागलं ते मला माहीत नाही. या दुखण्याची गंमत अशी आहे की ज्याचं तोंड हलतं त्याला ते उशिरा कळतं. ओठ आत-बाहेर व्हायचे, जबडा रवंथ केल्यासारखा फिरायचा, जीभ गालाला आतून ढोसण्या द्यायची. मला वाटायचं, कवळीची वेळ आली, हिरड्या शिवशिवतात, दुसरं काय.

आणि खरं सांगतो, धंद्यात त्याचा फायदाच झाला. समोरच्याने भाव सांगितला की मी गप्प बसून चघळतो आहे असं त्याला दिसायचं. चघळणाऱ्या माणसाला घाई नसते. समोरचा अस्वस्थ व्हायचा आणि आपणहून खाली यायचा. एकजण म्हणालाही, "शेठ, तुमी काही बोलतच नाही, नुसते चावता. भेव वाटते तुमचं." मी हसलो. तेव्हा मला आरसा पाहायला हवा होता.

घरात मात्र वेगळं चाललं होतं. एका दुपारी जेवायला बसलो तर निर्मला समोर उभी.

"काय खाऊन राहिले?"

"तूच तं वाढलं. भात खाऊन राहिलो."

"त्याच्या आंधी काय होतं तोंडात?"

"काही नाही."

"मले दिसून राहिलं ना."

"दिसते तं मंग विचारते काहून?"

ती म्हणाली, "झोपता तवा तोंड बंद असते. उठले का चालू. म्हनजे उठल्याबरोबर टाकता तुमी. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला होता, थोडी तं लाज ठेवा."

त्या वेळी मी तोंड उघडून दाखवलं असतं तर हा लेख एवढ्यातच संपला असता. एका सेकंदाचं काम होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या शब्दावर परकी बाई आपल्या आईची आठवण काढून देते, त्याने आपल्या स्वयंपाकघरात बैलासारखे दात दाखवायचे? मी म्हणालो, "माह्या शब्दावर भरोसा नसन तं तोंड पाहून काय करशीन?" आणि हात धुऊन उठलो.

तिनेही पुन्हा विचारलं नाही. तिचं गप्प बसणं मोठं वाईट असतं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि नजर माझ्या ओठांवर. मी जितका चिडायचो तितकं तोंड जास्त हलायचं. आता कळतं की तसंच होत असतं. तेव्हा तिला तो चोराचा गोंधळ वाटायचा.

थुंकून या

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी बाहेर जाऊन थुंकून या."

"साहेब, काही नाही तोंडात."

"सगळे असंच म्हणतात. जा, बाहेर पेशंट थांबलेत."

मी बाहेर गेलो. बाकावरच्या लोकांसमोर नळापाशी उभा राहिलो. काय थुंकू? चूळ भरली आणि परत आलो. जोर लावून ओठ मिटले की क्षणभर तोंड थांबायचं, तसं थांबवलं. नाव विचारलं, झोप विचारली, तोवर पुन्हा सुरू. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तुमचं आयुष्य आहे. कॅन्सर झाला की माझ्याकडे येऊ नका." कागदावर तंबाखू सोडा असं लिहिलं आणि त्याच गोळ्या पुढे चालू ठेवल्या.

ज्या माणसाला या गोळ्यांबद्दल आमच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं, त्याच माणसाने मला नळावर पाठवलं. गर्दी होती, मान्य. आमच्याकडे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडात खर्रा असतो, तेही मान्य. तरी हे मी माफ केलेलं नाही. त्यानंतर मी तिथे गेलो नाही. गजाननला जुना कागद देऊन पाठवायचो, तो गोळ्या घेऊन यायचा. राग डॉक्टरांवर काढला आणि नुकसान माझं झालं. जे तोंड दर वेळी कोणाला तरी दिसलं असतं ते मीच घरात नेऊन ठेवलं.

दिवाळी

रश्मी नागपूरला कॉलेजात होती, ती दिवाळीला आली. गजाननही फराळाला आला. सगळे बसलो होतो. गजानन माझ्या तोंडाकडे पाहून हसत म्हणाला, "भाऊजी, एकलेच? अवो, एखादी चिमूट साळ्यालेही द्या. ताईले नाही सांगत मी."

रश्मी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. त्या दोघींचं याआधी बोलणं झालं होतं हे मला कळलं.

मी चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गेलो आणि खर्रा घोटून घेतला. घरी आलो. चिवड्याच्या ताटाशेजारी पन्नी उघडली आणि सगळ्यांसमोर मूठ तोंडात टाकली.

"घ्या. आता तं खरं झालं ना तुमचं?"

गजानन म्हणाला, "अवो भाऊजी, मजाक केली ना बापा." निर्मला उठून आत गेली. रश्मी तिथेच बसून राहिली. तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, "बाबा, म्हणजे आधी खात नव्हते का?"

घरात तो एकच सरळ प्रश्न कोणी विचारला होता. आणि माझं तोंड भरलेलं होतं. मी तिच्यासमोर थुंकायला हवं होतं, तिला जवळ बसवून आ करून दाखवायला हवं होतं. मी म्हणालो, "तुह्या मायले विचार." ती दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली, सुट्टी बाकी असताना.

त्यानंतर मी खर्रा खातच राहिलो. तोंडात खर्रा असला की निदान तोंड हलण्याला कारण असायचं. वेडेपणा वाटेल, पण त्यात मला बरं वाटायचं. ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगतो आहे तो गुन्हा निदान केलेला आहे, असं काहीसं. त्या खर्र्याखाली माझं खरं दुखणं कितीतरी महिने झाकून राहिलं.

बोट

पितळ उचलून उचलून मला हर्निया झाला. भंडाऱ्यातच ऑपरेशन ठरलं. भरती झाल्यापासून खर्रा बंद, कारण वॉर्डाच्या दारातच खिसे तपासत. सकाळी उपाशी ठेवलं, हिरवा झगा घातला, स्ट्रेचर येण्याची वाट पाहत पडलो. सरकारी-खासगी सगळ्या वॉर्डात सकाळ सारखीच असते: फिनेलचा वास, कोणाच्या तरी डब्याची झाकणं, सफाईवाल्या बाईचं "पाय वर घ्या." सिस्टर सलाईन पाहायला आली आणि थबकली.

"काका! काही खायचं नाही म्हटलं होतं ना? काय आहे तोंडात?"

"काही नाही."

"मला दिसतंय. असं असेल तर साहेब ऑपरेशन कॅन्सल करतील. काकू, सांगा यांना."

निर्मला उठली. ती पलंगाजवळ आली. मला वाटलं, आता इथेही तेच. पण या वेळी माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. पोटात दुखत होतं, अंगावर स्वतःचे कपडे नव्हते, उठून जायला जागा नव्हती.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

मी उघडलं.

तिने वाकून पाहिलं. मग तर्जनी आत घातली, उजव्या गालात, डाव्या गालात, जिभेखाली, जसं लहान मुलाने तोंडात मणी टाकला तर आई काढते. काही लागलं नाही. तिने बोट काढून घेतलं नाही. माझी जीभ तिच्या बोटाखाली वळवळत होती, मी काहीही करत नसताना, आणि ते तिला कळत होतं. तिचा चेहरा मी इतक्या जवळून कितीतरी दिवसांनी पाहिला.

"सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "काहीच नाही जी. जीभच हालून राहिली. आपोआप."

सिस्टरने टॉर्च मारला. मग भूल देणारे डॉक्टर आले. कोणत्या गोळ्या चालू आहेत ते त्यांनी विचारलं, पुन्हा तोंड पाहिलं आणि म्हणाले, "हे कधीपासून आहे?"

मी म्हणालो, "दिवाळीच्या आसपास."

निर्मला म्हणाली, "नाही. त्याच्या आधीच्या साली धानकापनी चालू होती तवापासून."

तेव्हा मला कळलं की ती हे किती काळ मनात घेऊन बसली होती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की मनाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, हे औषधामुळे असू शकतं. आणि मला आत नेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा ती स्टुलावर बसली होती. मी वाट पाहत होतो. मला एक वाक्य हवं होतं. मी चुकले, एवढंसुद्धा चाललं असतं. तिने चमच्याने पाणी पाजलं आणि विचारलं, "दुखते का?"

"टाके दुखतात."

"थे नाही. जिभेले."

"नाही. जिभेले नाही दुखत."

तिने पदराने माझी हनुवटी पुसली. मी वाक्याची वाट पाहत झोपी गेलो.

भाव

टाके सुकल्यावर आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टर बाई रश्मीपेक्षा फार मोठ्या वाटत नव्हत्या. त्यांनी मला हात नसलेल्या खुर्चीवर बसवलं, हात गुडघ्यांवर ठेवायला सांगितले आणि पहिला प्रश्न विचारला, "तोंडात काही आहे का? सुपारी, गोळी, काही?"

माझ्या मुठी वळल्या. "नाही," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या तपासणीकडे वळल्या.

त्या एका "बरं"ने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना कारण कळलं नाही. त्यांनी टिश्यू पुढे केला, मी नाकारला, मग घेतला. त्यांनी जीभ बाहेर काढायला लावली, अंगठ्यावर बोटं आपटायला लावली, चालायला लावलं. हे सगळं त्या प्रत्येकाचं करतात असं नंतर कळलं. हा प्रश्नही प्रत्येकाला विचारायचाच असतो. म्हणजे विचारायची रीत आहे. आमच्यापर्यंत ती रीत आली नाही.

त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, टार्डिव्ह डिस्कायनेशिया. मनाच्या औषधांमुळे काहींना उशिरा होतं. तोंड, जीभ, कधी हात-पाय आपोआप हलतात.

मी ओरडलो. दाराबाहेरच्या लोकांनी आत डोकावलं इतका ओरडलो. मला आधी का सांगितलं नाही? माझ्या घरात दोन वर्षं मी चोर ठरलो. त्यांनी ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे."

भांडायला उभं राहावं आणि समोरच्याने मान्य करावं, म्हणजे माणूस एकदम रिकामा होतो. मी बसलो. मग सवयीप्रमाणे सुरू झालो.

"औषध बंद करा."

"बंद नाही करायचं. एकदम तर मुळीच नाही. बदलूया, हळूहळू."

"मंग आजपासून अर्धी करा."

"नाही."

"पाऊण."

त्या हसल्या. "भाव करताय का?"

निर्मला म्हणाली, "धंदाच हाये जी तो त्याईचा."

डॉक्टर बाई म्हणाल्या, "काका, मग तुम्हीच सांगा. ती दोन माणसं परत आली तर कितीला परवडेल?"

असा भाव मला कोणी लावला नव्हता.

निघताना मी विचारलं, "लवकर कळलं असतं तर पूर्ण गेलं असतं का?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण लवकर कळणं चांगलंच असतं." त्यांनी ते सौम्यपणे सांगितलं. मला मात्र स्वयंपाकघरातली ती दुपार आठवली, पानठेला आठवला, रश्मीचा प्रश्न आठवला. दुसऱ्यांनी केलेल्या चुकांचा राग करता येतो, आपल्या चुकांचा करून भागत नाही. निर्मला बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिनेही ते प्रश्नोत्तर ऐकलं होतं.

आता

जुनी गोळी कमी व्हायला लागली तेव्हा तोंड आधी वाढलं. भाताची शितं शर्टावर पडायची. हेही होऊ शकतं असं डॉक्टर बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरलो नाही. आधी सांगणं म्हणजे काय असतं ते बघा. नंतर नवी गोळी आणि हलणं कमी करायचं आणखी एक औषध, यांनी हळूहळू उतार पडला. पूर्ण गेलेलं नाही. दमलो की, चिडलो की सुरू होतं, आणि चिडणं माझं काही गेलेलं नाही.

मध्ये एकदा आंबागडच्या रस्त्यावर चहा पिताना मला मागून कोणी तरी भाव विचारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. पूर्वी मी लपवलं असतं. त्याच दिवशी नागपूरला फोन केला. गोळी थोडी वाढली, तोंडही थोडं वाढलं. डॉक्टर बाईंनी विचारलं, पुन्हा कमी करून पाहायचं का? मी म्हणालो, राहू द्या. डोकं जागेवर असलेला आणि तोंड हलणारा माणूस मला चालेल. आनंदाने नाही, पण चालेल.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना एवढंच म्हणतो: अधूनमधून आरशासमोर निवांत बसा, जीभ बाहेर काढून पाहा. घरच्यांना मोबाईलवर चेहऱ्याचा व्हिडिओ काढायला सांगा आणि डॉक्टरला दाखवा. डॉक्टरने नळावर पाठवलं तर नळावरून परत या आणि पुन्हा बसा, माझ्यासारखे निघून जाऊ नका. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरच्यांनो, माणूस नाही म्हणत असेल तर एकदा जवळ जाऊन बघा.

रश्मीला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं ना." तेवढंच. ती आता येते, राहते, बोलते. पण त्या दिवाळीनंतरचं तिचं एक वर्ष माझ्याकडे नाही.

खर्रा सुटला. दुसऱ्या वेळी जास्त त्रास झाला.

या उन्हाळ्यात आसगावला निर्मलाच्या माहेरच्या नात्यात लग्न होतं. दुपारची पंगत बसली. मांडवात ऊन, गर्दी, माझं तोंड सुरू झालं. समोरच्या रांगेत तिचे एक म्हातारे मामा बसले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जवाईबापू, पयले थे थुंका. अन्नावर बसून खर्रा खातेत का?"

रांगेतल्या माना वळल्या. कोणी तरी हसलं. माझ्या कानशिलात रक्त चढलं, मी पत्रावळ सारून उठणारच होतो. तेवढ्यात वरणाची बादली घेऊन वाढत येणारी निर्मला माझ्यासमोर थांबली.

"मामाजी, खर्रा नाही थो. गोळ्याईचं हाये."

"कायच्या गोळ्या?"

"डोक्याच्या." तिने आवाज खाली केला नाही. "गोळ्यांनं जीभ हालते त्याईची. मी बोट घालून पाह्यली हाये."

बायकांच्या रांगेत खसखस पिकली. मामा ओशाळले. "असं काय वो? आमाले काय मालूम."

"मालूम नसन तं पुसावं, मामाजी. आंधी पुसावं, मंग बोलावं."

एवढं बोलून ती माझ्या पत्रावळीवर वाकली, आणि वाकलेलीच राहिली. आपलेच शब्द आत्ता कानी आल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. डाव म्हणजे वरण वाढायचा मोठा चमचा, तो तिच्या हातात तिरका झाला होता. वरण भाताच्या आळ्यात भरलं, आळं फुटलं, पत्रावळीच्या कडेवरून खाली मातीत ओघळलं. शेजारचा म्हणाला, "अवो बाई, पाहा ना जरा." तिला ऐकू गेलं नाही.

मी हात आडवा धरला नाही.